एफएमच्या काट्यावर पहिले तारे

रेणापूरच्या टपरीवर एफएम लावला की काटा 88 ते 108 मेगाहर्ट्झमध्येच फिरतो. विश्वातले पहिले तारे पेटले त्या काळातल्या हायड्रोजनची रेडिओ-हाकही आज याच पट्ट्याच्या आसपास ऐकू यायला हवी. फक्त ती इतकी क्षीण, की गाण्यांपुढे आणि आकाशगंगेच्या खरखरीपुढे तिचा काही पाड लागत नाही.

निघाली तेव्हा ही हाक 1420 मेगाहर्ट्झची होती. विश्व फुगत गेलं, तशी तिची लाट ताणली गेली आणि मेगाहर्ट्झ उतरत गेले. ते तारे घडले असे: महास्फोटानंतर 10-20 कोटी वर्षांनी हायड्रोजन-हेलियमचे ढग स्वतःच्याच भारानं आकसले. तेव्हा ना कार्बन होता, ना लोखंड, ना धूळ. ढग निववायला हायड्रोजनचे मोजके रेणू तेवढे होते. नीट न निवलेला ढग बारीक तुकड्यांत फुटत नाही, म्हणून हे तारे दांडगे, सूर्याच्या कित्येक पट वजनाचे. जळून संपायला त्यांना काही दशलक्ष वर्षं पुरली. अर्थात हा सगळा हिशेब गणितातला. असा एकही तारा अजून कुणाला निर्विवाद दिसलेला नाही.

त्या काळाकडे कान लावण्याची महाराष्ट्रातली खटपट मात्र वेगळ्याच आशेवर सुरू झाली. 1980च्या दशकात रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी नारायणगावजवळच्या खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण योजली, तेव्हा रशियन शास्त्रज्ञ याकोव्ह झेल्दोविच यांच्या मताचा दबदबा होता: आधी अजस्र ढग धिरड्यासारखे चपटे झाले, मग त्यांचे तुकडे पडून दीर्घिका घडल्या. असे ढग शोधणं हे दुर्बिणीचं एक मोठं उद्दिष्ट होतं. ती उभी राहीपर्यंत शास्त्राचं वारं फिरलं. लहान आधी, मोठं नंतर, असं ठरलं. धिरडी गेली, दुर्बीण राहिली.

आणि काय दुर्बीण! 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या. पत्र्याऐवजी अर्ध्या मिलिमीटरच्या स्टेनलेस तारेची जाळी, दोरांवर ताणलेली. लांब लाटांना जाळीची भोकं जाणवत नाहीत, वारा मात्र आरपार निघून जातो. एवढा पसारा परवडला तो या युक्तीमुळे.

पुढे 150 मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे ताऱ्यांच्या प्रकाशानं हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन सुटे होत होते त्या काळातली, हाक शोधण्याचे प्रयत्न इथं झाले. हाकेत मिसळणाऱ्या गोंगाटाचा माग काढत संशोधक ठिणग्या उडवणाऱ्या विजेच्या तारांपर्यंत पोहोचले! 2013 साली हाती आली ती हाक नव्हे, तर ती याहून मोठी असू शकत नाही, अशी मर्यादा. माझ्या मते ही कमाई थोडकी नव्हे.

2018 साली ऑस्ट्रेलियातल्या एका अँटेनानं 78 मेगाहर्ट्झवर पहिल्या ताऱ्यांची खूण सापडल्याचा दावा केला. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेनं 2020 साली कर्नाटकातल्या जलाशयांवर ‘सारस 3’ तरंगता ठेवून तो पडताळला आणि 2022 साली फेटाळला.

आता ऑस्ट्रेलियाच्या निर्जन पश्चिमेत ‘एसकेए’ या आंतरराष्ट्रीय रेडिओ दुर्बिणीचे 1,31,072 अँटेना उभे राहत आहेत. भारत त्यात भागीदार आहे. त्यांचा पट्टा 50 ते 350 मेगाहर्ट्झचा. टपरीवरचा एफएम त्यातच येतो.