स्वर्गातले फळ आणि शेतकऱ्याचे मुनवे

वर्गात एक केळे आणा आणि आडवे कापा. मधोमध बारीक काळपट ठिपके दिसतील. ही न वाढलेली बीजांडे. ती का वाढली नाहीत, हे सांगण्याआधी आपण थोडे मागे जाऊ.

आदम आणि ईव्हची ईडन बाग पृथ्वीवरच, दूर पूर्वेला आहे, अशी मध्ययुगीन युरोपची समजूत होती. तिथून निघणाऱ्या चार नद्यांपैकी एक म्हणजे आपली गंगा, असेही अनेक पंडित मानत. १४९८ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याशी समुद्रात गोड्या पाण्याचा लोट पाहून कोलंबसाला वाटले, की हे पाणी त्या बागेतूनच येत असावे. तसे त्याने स्पेनच्या राजा-राणीला कळवले. पाणी होते ओरिनोको नदीचे!

ईडनमधले निषिद्ध फळ म्हणजे केळे, असाही एक जुना समज होता. लिनियसने १७५३ मध्ये केळीला दिलेल्या नावात तो टिकून आहे: 'म्युसा पॅराडिसिआका', स्वर्गातली केळ.

पाहण्याची दुसरीही रीत होती. १५३४ मध्ये गोव्यात आलेल्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने इथल्या वैद्य-हकिमांना विचारून वनस्पतींची स्थानिक नावे आणि उपयोग टिपले. जुन्या ग्रीक ग्रंथांपेक्षा त्याने डोळ्यांनी पाहिलेल्याला मान दिला. त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. १५६८ मध्ये तो वारला. गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून १५८० मध्ये इन्क्विझिशनने त्याची हाडे उकरून जाळली. या 'स्वर्गा'त असेही घडत होते.

आता ते ठिपके. सिमंड्स आणि शेफर्ड यांनी १९५५ मध्ये दाखवले, की खाण्याची बहुतेक केळी दोन रानटी जातींपासून आली आहेत. त्यांतल्या बहुतेकांत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात. त्यामुळे बी धरत नाही. रोप करायचे तर माणसालाच मुनवे काढून लावावे लागतात. आमच्या नागपुरी संत्र्यालाही जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधणारा हात लागतोच.

कष्टाविना मिळणारे अन्न, ही स्वर्गाची कल्पना. पण केळ हजारो वर्षांच्या कष्टांतून घडली आहे. एखाद्या भूमीला स्वर्ग म्हटले, की तिथे राबणारे हात दिसेनासे होतात. मग ती भूमी बळकावणेही सोपे वाटू लागते.

म्हणून केळे वाटून खाण्यापूर्वी मुलांना एवढेच विचारा: याला बी नाही, मग हे आपल्यापर्यंत आणले कोणी?