केरसुणीचा दांडा

श्रोतेहो, खेड्यातली पहाट ज्यांनी ऐकली आहे त्यांना तिचे आवाज पाठ असतात. एके काळी पहिला आवाज जात्याच्या घरघरीचा असे. मग विहिरीवरच्या रहाटाचा, आणि मग अंगणातल्या केरसुणीचा सर्र-सर्र. पिठाची गिरणी आली आणि जाते माळ्यावर गेले. नळ आला, रहाट थांबला. पाट्या-वरवंट्याची जागा विजेच्या यंत्राने घेतली आणि चुलीशेजारी गॅसची शेगडी येऊन बसली. केरसुणीचा आवाज मात्र आजही येतो, आणि ती चालवणारी बाई आजही कमरेत वाकूनच ती चालवते. आज बोलायचे आहे ते याच वाकण्याविषयी. घरातली इतकी साधने बदलली. मग रोज दोनदा हातात येणारे हे साधन जिथल्या तिथे का राहिले?

आमच्या धाराशिव जिल्ह्यातले, भूम तालुक्यातले ईट हे गाव डोळ्यांपुढे ठेवून बोलतो. बालाघाटच्या पठारावरचा हा मुलूख ज्वारीचा आणि कमी पावसाचा. इथल्या ओढ्या-नाल्यांच्या काठी शिंदीची झाडे असत. केरसुणी होते ती याच शिंदीची. झावळ्या कापायच्या, उन्हात वाळवायच्या, पाती चिरून बारीक करायची, मग जुडी दाबून पंख्यासारखी चपटी करायची आणि मूठ आवळून बांधायची. ऐकायला सोपे वाटते. पण मूठ सैल राहिली तर आठ दिवसांत पाती गळू लागतात. खळ्याला आणि गोठ्याला वेगळे साधन, तुराट्यांचा खराटा. नारळीच्या मुलखात तोच खराटा हिरांचा असतो. अलीकडे घरोघर दिसणारा मऊ फुलझाडू ईशान्येकडच्या डोंगरांतल्या गवताच्या तुऱ्यांचा असतो. तो मेघालय-आसामकडून आपल्या बाजारात येतो.

केरसुणी बांधण्याचे काम परंपरेने मांग समाजाकडे होते. शेतीला लागणारे दोर आणि घराला लागणारी केरसुणी त्यांनी द्यायची आणि सुगीत खळ्यावर धान्याचे बलुते न्यायचे, अशी रीत होती. आता इथे एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून आपण तिला हळदकुंकू वाहतो. तिला लक्ष्मी म्हणतो. तिला पाय लागला तर नमस्कार करतो. पण ती लक्ष्मी ज्याने बांधली तो माणूस मात्र पिढ्यान् पिढ्या उंबऱ्याबाहेर उभा राहिला. वस्तू देव्हाऱ्यापाशी आणि कारागीर वेशीबाहेर, असा हा हिशेब होता.

याच वस्तूची दुसरी, फार कडू आठवण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली जातिसंस्थेवरच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात नोंदवून ठेवली आहे. पेशवाईत पुण्यात अस्पृश्य माणसाला कमरेला झाडू बांधून चालावे लागे, म्हणजे त्याच्या पावलांची धूळ मागच्या मागे झाडली जावी. एकाच साधनाची एकीकडे पूजा, आणि दुसरीकडे त्याच साधनाने माणसाचा अपमान.

ही लाज धुऊन काढण्याचे मोठे काम कोणी केले असेल तर ते गाडगेबाबांनी. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी त्यांचा जन्म झाला; मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. १९०५ साली त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, एका हातात मातीचे गाडगे आणि दुसऱ्या हातात खराटा. गावात शिरले की कोणाच्या ओसरीवर जाऊन बसायचे नाही. सरळ रस्ता झाडायला लागायचे. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनातून माणसांची मने झाडायची. २० डिसेंबर १९५६ रोजी ते गेले. पुढे २००० साली महाराष्ट्र शासनाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले तेव्हा त्याला त्यांचेच नाव दिले. खराटा धरणारा हात हलका नाही, हे बाबांनी गावोगाव दाखवून दिले. पण केर काढण्याला मान मिळाला म्हणून काढणारीच्या कमरेचे दुखणे थांबले असे नाही. ते काम मागे राहिले.

आता केरसुणी आखूड का, ते पाहू. आपले पूर्वज वेडे नव्हते. आपल्या भागातली जुनी घरे माळवदाची. आत जमीन शेणाने सारवलेली. अशा जमिनीवर लांब दांड्याचा राठ खराटा उभा धरून ओढला तर पोपडे निघतात आणि सारवण उखडते. म्हणून मऊ पात्याची केरसुणी हवी, आणि ती जवळजवळ आडवी धरून अलगद फिरवायला हवी. आडवी धरायची म्हणजे हात जमिनीजवळ नेणे आले. शिवाय चुलीचा आवा, जात्याचा पाळा, उतरंडीमागची जागा, सगळेच जमिनीलगत. स्वयंपाक खाली बसून, दळण खाली बसून, जेवण खाली बसून. त्या घराला ती केरसुणी अगदी मापाची होती.

पण घर बदलले. आधी शहाबादी फरशी आली, मग सिमेंटचा कोबा, मग गुळगुळीत चौकोनी फरशा. आपल्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, उमरगा-लोहारा भागात, हा बदल एका पहाटेने घडवला. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात दगडमातीची जाड भिंतींची घरे माणसांवर कोसळली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली. तिथे नवी पक्की घरे उभी राहिली. सारवण्याची जमीन गेली आणि तिच्याबरोबर सारवण उखडण्याची भीतीही गेली. इतर गावांत हेच हळूहळू घडले. म्हणजे केरसुणी आखूड ठेवण्याचे मुख्य कारण पायाखालून निघून गेले. तरी बाई वाकलेलीच राहिली.

वाकण्याने काय होते? पाण्याने भरलेली घागर कमरेवर घेऊन आपण वाडीपर्यंत चालतो. तीच घागर हात लांब करून पुढे धरा. दहा पावलांत खांदे भरून येतात. घागर तीच, पाणी तेच. फक्त वजन अंगापासून दूर गेले. कमरेत वाकले की आपले डोके, खांदे आणि हात असेच पुढे लोंबकळतात. ते सगळे पेलायचे कोणी? पाठीच्या कण्यालगतच्या स्नायूंनी. त्यांची तरफ फार आखूड असते, म्हणून जोर कितीतरी पट लावावा लागतो आणि त्याचा दाब मणक्यांवर येतो. दहा मिनिटांचे काम म्हणून ते कोणी मोजत नाही. पण सकाळी आणि संध्याकाळी मिळून रोज अर्धा तास धरला तर वर्षाचे एकशे ऐंशी तासांहून अधिक होतात. सासरी आल्यापासून सून उभी राहेपर्यंतचा हिशेब श्रोत्यांनी आपापल्या घरी करून पाहावा.

दांड्याची लांबी ही किरकोळ बाब आहे असे कोणाला वाटेल. म्हणून दूरदेशीची एक हकिकत सांगतो. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात भाजीच्या मोठ्या मळ्यांवर मजुरांना हातभर दांड्याची कुदळी देत. दिवसभर दुमडलेल्या अंगाने रोपे विरळायची. मळेवाले म्हणत, लांब दांडा दिला तर काम नीट होणार नाही, रोपे तुटतील. मजूर म्हणत, आमच्या पाठी तुटतात त्याचे काय? मजुरांच्या बाजूने वकील उभे राहिले, डॉक्टरांनी साक्षी दिल्या, आणि १९७५ साली ती आखूड कुदळी तिथे बंद झाली. मजूर लांब दांड्याने काम करू लागले. शेती काही बुडाली नाही. दांडा किती लांब असावा हे बरेचदा कामाच्या गरजेवरून ठरत नाही. वाकणाऱ्याला कोणी विचारले की नाही, यावरून ठरते.

झाडूत सुधारणा झालीच नाही असेही नाही. त्याच अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या हॅडली गावी लेव्हाय डिकिन्सन नावाचा शेतकरी होता. १७९७ च्या सुमारास त्याने एका धान्याच्या लांब धाग्यांच्या कणसांपासून झाडू बांधला. ते धान्य कोणते ठाऊक आहे? आपल्या ज्वारीचेच भावंड. ज्वारीची ती एक जात आहे, तिच्या कणसाला दाण्यापेक्षा काड्याच मोठ्या. तो झाडू म्हणजे दांड्याला बांधलेली गोल जुडी होती. पुढे १७९८ च्या सुमारास शेकर पंथातल्या थिओडोर बेट्स या माणसाने ती जुडी शेगड्यात दाबून चपटी केली आणि दोऱ्याने शिवली. गोल जुडीचे टोक तेवढे जमिनीला लागते. चपट्या झाडूची सगळी धार लागते. एका फटकाऱ्यात रुंद पट्टा साफ होतो आणि बाई ताठ उभी राहते.

इथे मला आपल्या कारागिराचे कौतुक वाटते. जुडी दाबून चपटी करणे आणि रुंद धार काढणे ही युक्ती आपल्या शिंदीच्या केरसुणीत होतीच. कमी होता तो फक्त दांडा. कारागिराच्या हातात कसब होते, पण त्याला नवे मागायला कोणी गेले नाही. आणि जिची पाठ दुखत होती तिच्या हातात बाजाराचा पैसा नव्हता. बांधणारा उंबऱ्याबाहेर आणि झाडणारी उंबऱ्याच्या आत. दोघांचे बोलणे कधी झालेच नाही. केरसुणी बदलली नाही याचे खरे कारण मला हे दिसते.

मग चांगली केरसुणी कशी असावी? शाळेतल्या गुरुजींना आणि बाईंना माझी विनंती आहे की हा प्रश्न मुलांपुढे ठेवावा. थोडा विचार मी मांडतो. दांडा वेळूचा असावा; हलका आणि गुळगुळीत. जमिनीपासून तो झाडणारीच्या छातीपर्यंत यावा. साधारण चार फूट म्हणा. पण उंची प्रत्येकीची वेगळी, म्हणून माप तिच्या अंगावर घ्यावे. जाडी अशी की मूठ सहज मिटावी. आता नुसता दांडा केरसुणीला सरळ बांधला तर फसगत होते. उभ्याने धरल्यावर पात्याची टोके तेवढी घासतात आणि लवकर झिजतात. म्हणून पाते दांड्याला थोडे तिरके बांधावे, म्हणजे पूर्ण धार जमिनीवर टेकेल.

दुसरी गोष्ट, पाते काढता-घालता यावे. अंगणाला लांब दांडा, आणि बाजेखालच्या किंवा फडताळातल्या कामाला तेच पाते नुसत्या मुठीने. पाते झिजले की तेवढेच नवे घ्यावे. दांडा वर्षानुवर्षे टिकेल. कारागिरालाही त्यात बरकत आहे, कारण पाते वारंवार लागते. तिसरी गोष्ट सहज विसरली जाते ती सुपली. ताठ उभे राहून केर गोळा केला आणि भरायला पुन्हा वाकले तर निम्मे काम वायाच. सुपलीलाही उभा दांडा हवा.

काही आजीबाई म्हणतील, लांब दांड्याने धूळ उडते, कोपरा निघत नाही. त्यांचे म्हणणे उडवून लावू नये, त्यात तथ्य आहे. लांब दांड्याने फटकारा जोरात बसतो. तेव्हा हात आवरून ओढावे, अंगणात आधी पाणी शिंपडावे, आणि कोपऱ्यासाठी आखूड मूठ जवळ ठेवावी. प्लास्टिकचा झाडू स्वस्त दिसतो, लांब दांडाही त्याला असतो. पण त्याचे धागे तुटून मातीत मिसळतात आणि तिथेच राहतात. शिंदीचे झिजलेले पाते उकिरड्यात कुजून खत होते.

शाळेत एवढे करता येईल. तीन केरसुण्या घ्याव्या: एक नेहमीची, एक सरळ दांड्याची आणि एक तिरक्या पात्याची. सारख्या मापाचे तीन पट्टे अंगणात आखून तिन्हींनी झाडावेत. वेळ किती लागला, केर किती राहिला, कंबर किती भरली, हे लिहून काढावे. आणि एक अट पाळावी. झाडायला मुलगेही असावेत. जो स्वतः झाडतो त्यालाच दांड्याची लांबी कळते. मग गावात केरसुणी बांधणारे कोणी असतील तर त्यांना मानाने शाळेत बोलवावे, वर्गात खुर्ची द्यावी आणि आपले माप सांगून नवी बांधून घ्यावी. ठरलेले मोल हातावर ठेवावे.

येत्या लक्ष्मीपूजनाला केरसुणी आणाल तेव्हा हळदकुंकू जरूर वाहा. पण त्याआधी घरात एक प्रश्न विचारा: हिचा दांडा कोणाच्या मापाचा? उत्तर जिच्याकडे आहे ती बहुधा त्या वेळी ओसरी झाडत असेल. तिचे झाडून होईपर्यंत थांबू नका. केरसुणी तिच्या हातातून घ्या आणि मग विचारा.