पावसावरची पैज

महाडात जुलै लागला की आमच्या आळीतल्या पोरांची एक पैज ठरलेली असायची. पाणी बाजारात शिरलं, तर कुठल्या दुकानाच्या कितव्या पायरीपर्यंत चढेल? हरणाऱ्याने बाकीच्यांना वडापाव द्यायचा. मोठी माणसं माल माळ्यावर चढवायच्या गडबडीत असायची आणि आम्ही पायऱ्या मोजत बसायचो. २००५ च्या जुलैत पाण्याने मोजायला पायऱ्या ठेवल्याच नाहीत. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. त्यानंतर तशी पैज कुणी लावल्याचं मला आठवत नाही.

ही पैज पुन्हा आठवली ती मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा, १८८७ वाचताना. आज तो कायदा उघडला की 'जुगारअड्डा' म्हणजे काय, हे सांगणाऱ्या कलमात एक लांबलचक यादी भेटते. कापूस, अफू किंवा दुसऱ्या कुठल्या मालाच्या भावावर लावलेली पैज. त्या भावातल्या आकड्यांवर लावलेली पैज. पाऊस पडेल की नाही यावरची पैज. किती पडेल यावरची, आणि ते माप लिहिताना वापरलेल्या आकड्यांवरचीही. कायदे करणाऱ्यांनी मुंबईत जे जे चाललेलं पाहिलं, ते ते लिहून काढलेलं दिसतं. या यादीत क्रिकेट नाही. पाऊस आहे.

कायदे वाचणं हा माझा उद्योग नव्हे, मी पुण्यात कोड लिहितो. २०२४ च्या मे महिन्यात पोलादपूर तालुक्यातल्या माझ्या मावसभावाचा फोन आला, म्हणून हे वाचन सुरू झालं. आयपीएलच्या त्या मोसमात त्याने व्हॉट्सॲपवरून कुणाकडून तरी एक 'आयडी' घेतला होता. सहा षटकांत किती धावा होतील, यावर तो पैसे लावायचा. आधी स्वतःचे गेले. मग गावच्या संघात त्याच्याबरोबर खेळणाऱ्या मित्राकडून चाळीस हजार घेतले. कशासाठी हवेत, हे मित्राला माहीत होतं. तेही गेले. फोनवर तो एवढंच म्हणाला, "दादा, तू जरा बघून सांग ना. हे पैसे कायद्याने द्यावेच लागतात का?"

प्रश्न एका ओळीचा होता. त्याचं उत्तर शोधायला मला १८४८ पर्यंत मागे जावं लागलं.

तेव्हा कलकत्त्याला सरकारी अफूचा लिलाव व्हायचा आणि पाटण्याच्या अफूला तिथे काय सरासरी भाव मिळेल, यावर मुंबईचे व्यापारी पैजा लावायचे. अशाच एका पैजेचा वाद रामलाल ठाकुरसीदास विरुद्ध सोजुमल धोंडमल या नावाने थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. तिथे निकाल लागला की इंग्लंडचा रूढ कायदा इथेही लागू आहे आणि त्या कायद्यानुसार निव्वळ पैज आहे म्हणून करार रद्द होत नाही. म्हणजे हरणाऱ्याकडून कोर्टामार्फत पैसे वसूल करता येतील. कंपनी सरकारने त्याच वर्षी कायदा करून ते दार बंद केलं: पैजेचा करार निरर्थक, त्यासाठी दावा चालणार नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ३० मध्ये तेच तत्त्व आलं आणि ते आजही आहे. त्याला अपवाद एकच, घोड्यांच्या शर्यतीत जिंकणाऱ्याला द्यायच्या पाचशे रुपये किंवा त्याहून मोठ्या बक्षिसासाठी जमवलेल्या वर्गणीचा.

इथे 'निरर्थक' आणि 'बेकायदा' यांतला फरक लक्षात ठेवायला हवा. निरर्थक म्हणजे कोर्ट तुम्हाला मदत करणार नाही. बेकायदा म्हणजे पोलीस तुम्हाला नेतील. पैज नुसतीच निरर्थक असेल, तर तिच्या आजूबाजूचे व्यवहार, म्हणजे पैजेसाठी दिलेलं कर्ज, दलालाची दलाली, भागीदाराचा हिस्सा, हे सगळं वसूल करता येतं का? कोर्टं 'येतं' म्हणू लागली. म्हणून मुंबई इलाख्याने १८६५ मध्ये स्वतःचा वेगळा कायदा केला. पैजेला मदत होते हे माहीत असताना केलेले करारही त्याने रद्दबातल ठरवले.

हा फरक किती खरा आहे, ते १९५९ मध्ये दिसलं. घेरुलाल पारख आणि महादेवदास मैया या दोघांनी हापूडच्या पेढ्यांशी पैजेचे सौदे करायला भागीदारी केली होती. तोटा आला. मैयांनी पेढ्यांचे पैसे चुकते केले आणि पारखांकडे निम्मे मागितले. पारख म्हणाले, हा सगळा पैजेचा मामला आहे, मी देणं लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने मैयांच्या बाजूने कौल दिला: पैज निरर्थक आहे, पण बेकायदा नाही, त्यामुळे तिच्याभोवतीची भागीदारी चालते. मुंबईचा १८६५ चा कायदा जिथे लागू आहे तिथली गोष्ट मात्र वेगळी, हेही त्याच निकालातून स्पष्ट होतं.

महाड-पोलादपूर तेव्हा मुंबई इलाख्याच्या कुलाबा जिल्ह्यात होतं. जिल्ह्याचं नाव १९८१ मध्ये रायगड झालं, कायद्याचा वारसा बदलला नाही. म्हणजे माझ्या भावाच्या प्रश्नाचं कायद्यातलं उत्तर मिळालं होतं. मित्राने माहीत असून पैसे दिले, त्यामुळे तो कोर्टात जाऊ शकत नाही.

पण आयडी देणाऱ्याचं काय? त्याच्यासाठी १८८७ चा कायदा आहे. त्यात पैज लावणं हे जुगारात मोडतं, आणि घोड्यांच्या शर्यतीला त्यातून वाट काढून दिली आहे: शर्यतीच्या दिवशीच, शर्यतीच्या मैदानावर, त्यासाठी राखलेल्या आवारात लावलेली पैज जुगार धरली जात नाही. त्याच घोड्यावर महालक्ष्मीच्या आवारात लावलेला पैसा कायदेशीर आणि गिरणगावातल्या चाळीत लावलेला गुन्हा. या कायद्याची सगळी बांधणीच जागेभोवती आहे. घर, खोली, तंबू, आवार, वाहन. पोलिसांनी वॉरंट घेऊन एका जागेत शिरायचं आणि तिथे सापडलेल्या साधनांचा पंचनामा करायचा.

पैज मात्र जागेत कधीच मावली नाही. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडतानाचे आणि बंद होतानाचे भाव तारेने मुंबईत यायचे आणि त्यातल्या आकड्यांवर पैसे लागायचे. ते आकडे यायचे थांबले, तेव्हा साठच्या दशकात कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी आकडे इथेच काढायला सुरुवात केली आणि मटका जन्मला. कापूस गेला, 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द राहिले. कायद्याच्या यादीत पत्त्यांवरचे आणि चिठ्ठ्यांवरचे आकडेही आहेत. यादी वाढत राहिली आणि पैज तिच्या एक पाऊल पुढे राहिली.

स्वातंत्र्यानंतर घटनेने 'पैजा आणि जुगार' हा विषय राज्यांच्या सूचीत ठेवला. १९५७ मध्ये चमारबागवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापार नाहीच. तो खटला बंगळूरहून चालवलेल्या शब्दकोड्यांच्या स्पर्धेचा होता. मुंबई राज्याने आपल्या हद्दीतल्या कोडी सोडवणाऱ्यांकडून होणाऱ्या वसुलीवर कर बसवला होता. दुसऱ्या राज्यातून चालणाऱ्या खेळाला आपल्या राज्यात कसं धरायचं, हा प्रश्न तेव्हाही होता. त्या निकालातूनच दुसरा धागा निघाला: ज्यात कौशल्य वरचढ आहे, तो जुगार नव्हे.

राज्यांनी आपापले रस्ते धरले. महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनोंवर नियंत्रण आणि कर बसवणारा कायदा केला, तो कधी अमलातच आणला नाही आणि २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने तो रद्द करायचं ठरवलं. गोव्याने १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांतल्या यंत्रांना आणि पुढे नदीतल्या जहाजांना परवानगी दिली. पोलादपूरच्या नाक्यावर जो महामार्ग आहे, तोच पुढे गोव्यात जातो. इथे गुन्हा, तिथे परवाना.

२०१८ मध्ये वाटलं होतं की हे बदलेल. मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने खेळांवरच्या पैजांना राज्यांनी परवानगी देऊ नये, असं सांगणारा तिथला १९९२ चा केंद्रीय कायदा रद्द केला. न्यू जर्सी राज्य जिंकलं आणि एकेक राज्य पैजा खुल्या करू लागलं. आपल्याकडे लोढा समितीने २०१६ मध्ये क्रिकेटवरची पैज कायदेशीर करण्याची शिफारस केलेलीच होती. जुलै २०१८ मध्ये विधी आयोगाचा २७६ वा अहवाल आला: बंदी हाच योग्य मार्ग, पण ती पाळून घेता येत नसेल तर परवाने देऊन नियमन करा. त्यावर कुणी हललं नाही. हलली ती बाजारपेठ. एप्रिल २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ड्रीम-इलेव्हनचा खेळ कौशल्याचा असल्याचं मान्य केलं आणि महाराष्ट्रात 'संघ बनवा' खेळांना मोकळं रान मिळालं.

इथे माझाही संबंध येतो. २०२२ मध्ये मी अशाच एका खेळाच्या कंपनीत वर्षभर होतो. माझ्याकडे जे काम होतं त्यात एक छोटा तुकडा होता: फोन कुठल्या राज्यात आहे ते तपासायचं. आंध्र, तेलंगणा, आसाम, ओडिशा अशी काही नावं एका यादीत होती. राज्य यादीत असेल तर पैशांची स्पर्धा दिसणार नाही, नसेल तर दिसेल. १८४८ पासूनचा सगळा इतिहास माझ्या पडद्यावर चार ओळींचा होता. मी त्याच्या चाचण्या लिहिल्या आणि त्या सगळ्या पास झाल्या. यादीत महाराष्ट्र नव्हता. पोलादपूरचा फोन आत जात होता.

माझा भाऊ आधी अशाच खेळात एकोणपन्नास रुपयांचे संघ लावायचा. तिथून आयडीपर्यंत तो कसा गेला, हे त्याने सांगितलं. ॲप कुठलं होतं, हे मी विचारलं नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा दोन दिवसांत मंजूर केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, सगळेच बंद. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत, खेळणाऱ्याला शिक्षा नाही. पैजा हा राज्यांचा विषय असताना केंद्राला हे करता येतं का, यावरून न्यायालयात आव्हानंही दिली गेली. निकाल काहीही लागो, या कायद्याने जागेचा आणि कौशल्याचा असे दोन्ही जुने प्रश्न बाजूला ठेवले आहेत. खेळणाऱ्याला गुन्हेगार न मानणं मला योग्य वाटतं. पण व्हॉट्सॲपवर आयडी देणाऱ्याच्या दारावर पाटी नसते, हे १८८७ इतकंच आजही खरं आहे. आणि हरल्यावर होणारं कर्ज कुठल्याच कलमात बसत नाही.

२०२४ च्या त्या मे महिन्यात मी भावाला फोन करून उत्तर सांगितलं. "म्हणजे नाही दिले तरी चालेल?"

"कोर्टात चालेल."

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "दादा, ते पैसे त्याने घरावर पत्रे घालायला ठेवले होते. पाऊस तोंडावर आलाय."

मित्राच्या घराची कौलं त्या वर्षी निळ्या ताडपत्रीखाली राहिली. भाऊ दर महिन्याला तीन हजार देत गेला. दोन हप्ते मावशीने दिले, एक मी दिला. शेवटचा हप्ता पुढच्या वर्षी जूनमध्ये गेला, तोवर पाऊस सुरू झाला होता. पत्रे दिवाळीनंतर बसले. दोघं अजून एकाच संघातून खेळतात. मित्र यष्टिरक्षक आहे, भाऊ स्लिपमध्ये उभा असतो. मावशी सांगते, दोघं पूर्वीइतके बोलत नाहीत.