रक्तदाब आणि एक लहानशी गोळी

१९४९ सालीं कल्याणजवळील निर्वासित सिंधी बांधवांच्या छावणीस उल्हासनगर हें नांव मिळालें. त्याच वर्षीं मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं सर्पगंधेच्या मुळीचे रक्तदाबावरील परिणाम ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्यें प्रसिद्ध केले. कलकत्त्याच्या सेन व बोस यांनीं १९३१ सालींच हा गुण नोंदविला होता. पण पाश्चात्त्य वैद्यकाचें लक्ष या मुळीकडे वळलें तें प्रामुख्यानें डॉ. वकिलांच्या लेखानंतर.

तत्पूर्वीं या व्याधीपुढें वैद्य बहुतांशीं हतबलच होते. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना १९४५ सालीं मेंदूंतील रक्तस्रावानें मृत्यु आला. त्यांच्या वाढत्या रक्तदाबास आवर घालणारें भरंवशाचें औषध कोणापाशींच नव्हतें. अळणी आहारानें दाब उतरतो, हें डॉ. केम्पनर यांनीं भात व फळें यांच्या पथ्यानें दाखविलें होतें. परंतु असलें पथ्य जन्मभर पाळणार कोण?

मग मीठ तोंडाशीं अडविण्याऐवजीं मूत्रपिंडावाटे बाहेर काढतां येईल काय? १९५७-५८ च्या सुमारास बायर, स्प्राग, नॉव्हेलो प्रभृति अमेरिकन संशोधकांच्या क्लोरोथायझाइडनें या प्रश्नास होकार दिला. हें मूत्रल औषध प्रथम शरीरांतील मीठ व पाणी कमी करतें. कांहीं आठवड्यांनीं रक्तवाहिन्याही सैलावतात आणि दाब उतरलेला राहतो.

आरंभीं मात्रा मोठ्या असत. त्यांमुळें रक्तांतील पोटॅशियम घटे, यूरिक आम्ल व साखर वाढे. पुढें दिसून आलें कीं, मात्रा वाढविल्यानें दाब फारसा अधिक उतरत नाहीं. उपद्रव मात्र वाढतात. १९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणींत साठीच्या पुढील रुग्णांना क्लोरथॅलिडोन अवघ्या १२.५ मिलिग्रॅमपासून देण्यांत आलें. औषधहीन गटाच्या तुलनेनें पक्षाघाताचें प्रमाण ३६ टक्क्यांनीं घटलें. २००२ सालीं, तेहतीस हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणींत, नवीं व महाग औषधें हृदयविकाराचा झटका टाळण्यांत या साध्या औषधाहून सरस ठरलीं नाहींत.

पापड-लोणच्याविना ज्यांचें ताट पुरें होत नाहीं, अशा उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील घरांना हा इतिहास उपयोगाचा आहे. ही व्याधि दुखत नाहीं. म्हणूनच बरें वाटतांच गोळी सोडण्याचा मोह होतो. वैद्याच्या सल्ल्यानें नित्य सेवन, वेळोवेळीं रक्ततपासणी आणि मिठावर ताबा या तीन गोष्टी सांभाळल्या, तर एवढीशी स्वस्त गोळी घरांतील वडीलधाऱ्यांचा हात व वाणी शाबूत राखण्यास मोठाच हातभार लावते.