कल्याण मटका कल्याणचा नाही

मी डोंबिवलीत राहतो. ऑफिसात हे कळलं की कुणीतरी ‘काय, कल्याणचा आकडा काय?’ विचारतंच. पण मटक्यातलं ‘कल्याण’ म्हणजे आमच्या शेजारचं शहर नव्हे. ते कल्याणजी भगत यांचं नाव.

न्यूयॉर्कच्या कापूसबाजाराचे उघडते आणि बंद होताना असलेले भाव टेलिप्रिंटरवर मुंबईत येत, त्यांवर आकडा लागे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला हे बंद झालं. मग १९६२मध्ये भगतांनी वरळीत स्वतःचा आकडा काढला. दोन वर्षांनी रतन खत्रींनी. तीन पत्ते काढायचे, त्यांच्या बेरजेचा शेवटचा अंक ‘ओपन’. पुन्हा तीन पत्ते, तो ‘क्लोज’. दोन्ही मिळून ‘जोडी’. अंक दहा आणि भाव साधारण एकास नऊ. म्हणजे सरासरीने दहातला एक रुपया चालवणाऱ्याच्या खिशात. बाकी नशीब. किरकोळ रक्कमही चालत असल्यानं गिरणगावात मटका घरोघरी पोचला.

कायदा होताच, १८८७चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा. पुढे त्यात पावसावरचा सट्टाही आणला गेला. निव्वळ कौशल्याचे खेळ मात्र कलम १३ने वगळले. १९५७मध्ये चमारबागवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, जुगार हा घटनेनं संरक्षण दिलेला व्यापार नव्हे. आणि १२ एप्रिल १९६९ला महाराष्ट्र सरकारनं स्वतःची लॉटरी सुरू केली!

यात विसंगती दिसते, पण फरकही आहे. लॉटरीचं तिकीट छापील, सोडत जाहीर, नफा तिजोरीत. मटक्याच्या चिठ्ठीला कोर्टात किंमत नाही, कारण १८७२च्या करार कायद्यानुसार पैजेचा करारच रद्दबातल. शिवाय १८८७च्या कायद्यात अड्ड्यावर खेळताना सापडलेलाही गुन्हेगार. पगार हरलेला कामगार तक्रार करणार कुठे? पोलिसांकडे गेला तर आधी स्वतःचा गुन्हा कबूल करायचा.

ऑगस्ट २०२५मध्ये केंद्रानं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. त्यात शिक्षा खेळ चालवणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला आणि पैशांचे व्यवहार करून देणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. मोबाइलवर हरणारा पीडित आणि चिठ्ठीवर हरणारा आरोपी, असा भेद आता उरला आहे. १८८७च्या कायद्यात पहिली दुरुस्ती इथेच व्हायला हवी.