लांबच्या टूरसाठी बाईक घ्यायचीय? टॉप स्पीड नंतर, आधी दहा तासांचा हिशेब बघा!

नागपूरपासून वीसेक किलोमीटरवरचं कळमेश्वर हे बाईकवरून लांब जाणाऱ्यांसाठी मोक्याचं ठिकाण आहे. इथून एका बाजूला गोंडखैरी गाठलं की अमरावती रोड लागतो. दुसऱ्या बाजूला धापेवाड्यावरून सावनेरला पोहोचलं की एक रस्ता बैतूल-भोपाळकडे जातो आणि दुसरा छिंदवाड्याकडे. श्रीनगर ते कन्याकुमारी असा जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि पूर्व-पश्चिम जाणारा महामार्ग ५३ हे दोन्ही नागपुरातून जातात. म्हणजे पचमढी असो, चिखलदरा असो की थेट गोवा, निघायला रस्त्यांची कमी नाही.

प्रश्न येतो तो बाईकचा. शोरूममध्ये गेल्यावर पहिली नजर जाते ती टोकदार फेअरिंग, जाडजूड मागचं टायर आणि टॉप स्पीडच्या आकड्यावर. रील्समध्येही तेच दिसतं. पण दोनशे किलोमीटर झाले की मनगटं भरून येतात, कंबर बोलायला लागते आणि दीड-दोन लाखांची गाडी घेऊन चूक केली की काय, असं वाटू लागतं.

दमलेला माणूस गाडी नीट चालवत नाही. त्यामुळे आरामदायी बाईक ही चैन नाही, तो सुरक्षिततेचाही मुद्दा आहे. म्हणूनच स्पोर्ट टूरिंग म्हणजे नेमकं काय आणि गाडी निवडताना काय तपासायचं, हे समजून घेऊया.

स्पोर्ट टूरिंग बाईक म्हणजे काय?

सोप्या भाषेत सांगायचं तर स्पोर्ट्स बाईक आणि टूरिंग बाईक यांच्या मधली गाडी. वळणावर नीट झुकणारी, ओव्हरटेक करताना दम न लागणारी, पण दिवसभर बसता येईल अशी. वाऱ्यापासून वाचवणारी काच, थोडं उंच हँडल, रुंद सीट, मोठी टाकी आणि सामान बांधायची सोय, ही तिची ओळख.

कावासाकीची व्हर्सिस ६५० हे याचं चांगलं उदाहरण. हिची टाकी २१ लिटरची आहे आणि बसण्याची ढब बरीचशी सरळ आहे. मात्र प्रत्येकाचं बजेट एवढं नसतं. त्यामुळे आपल्याकडे बजाज डॉमिनार ४००, सुझुकी जिक्सर एसएफ २५०, हिरो करिझ्मा एक्सएमआर किंवा रॉयल एनफिल्ड हिमालयन ४५० अशा वेगवेगळ्या प्रकारच्या गाड्या टूरसाठी वापरल्या जातात.

समृद्धी महामार्ग बाईकसाठी नाही, हे लक्षात ठेवा

नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा सुरू झाला आणि ५ जून २०२५ रोजी शेवटचा टप्पा खुला झाला. पण या रस्त्यावर दुचाकींना परवानगी नाही.

म्हणजे कळमेश्वरहून मुंबईला बाईकने जायचं तर अमरावती, अकोला, जळगाव, धुळे, नाशिक असा जुनाच मार्ग. अंतर आठशे किलोमीटरच्या वर. मध्ये गावं, ट्रक, ट्रॅक्टर, गतिरोधक, डायव्हर्जन सगळं आलं. सरासरी ताशी ५५ किलोमीटर धरली तरी नुसतं चालवण्यातच साडेचौदा तास जातात. म्हणून हा प्रवास दोन दिवसांत करणंच शहाणपणाचं.

दुसरी गोष्ट वेगमर्यादेची. केंद्राने २०१८ मध्ये ठरवलेल्या कमाल मर्यादेनुसार चौपदरी दुभाजक असलेल्या रस्त्यावरही मोटारसायकलसाठी ताशी ८० किलोमीटरचीच मर्यादा आहे. गाडी १५० ने पळत असली तरी तुमचा बहुतेक प्रवास ६० ते ८० च्या दरम्यानच होणार. मग गाडी निवडायची तीही याच वेगासाठी: ८० च्या वेगाने, दिवसाचे आठ-दहा तास, शरीराला कमीत कमी त्रास.

हँडल, सीट आणि फूटपेग: तीन बिंदूंचं गणित

बाईकवर शरीर तीन ठिकाणी टेकतं. हात हँडलवर, बूड सीटवर आणि पाय फूटपेगवर. या तीन बिंदूंचा त्रिकोण कसा आहे, यावर सगळा आराम ठरतो.

पूर्ण स्पोर्ट्स ढब: हँडल खाली, फूटपेग मागे आणि वर. अंग पुढे झुकतं आणि भार मनगटांवर येतो. यात एक गंमत आहे. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८० वरून १२० ला गेलं की तो सव्वादोन पट होतो. रेसट्रॅकवर हाच वारा छातीला टेकू देतो आणि मनगटांवरचा भार हलका होतो. ८० च्या वेगाला तो टेकू पुरेसा मिळत नाही. त्यामुळे तीच गाडी ट्रॅकवर बरी वाटते आणि अमरावती रोडवर हात दुखवते.

क्रूझर ढब: पाय पुढे, सीट खाली. रॉयल एनफिल्ड सुपर मीटिऑर ६५० ची सीट फक्त ७४० मिलिमीटर उंच आहे, त्यामुळे कमी उंचीच्या चालकालाही पाय टेकवणं सोपं जातं. पण पाय पुढे असल्याने खड्डा आला की फूटपेगवर उभं राहून धक्का झेलता येत नाही. तो थेट कमरेला बसतो.

मधली ढब: अंग किंचित पुढे, कोपरं थोडी वाकलेली, गुडघ्यांना मोकळीक. बहुतेकांना लांबच्या प्रवासाला हीच मानवते. डॉमिनारसारखी सरळ हँडलची गाडी किंवा जिक्सर एसएफ आणि करिझ्मासारखी फेअरिंग असूनही हँडल फार खाली नसलेली गाडी या गटात येते.

तपासायची सोपी रीत: गाडीवर बसा, मांड्यांनी टाकी धरा आणि दोन्ही हात हँडलवरून क्षणभर उचला. अंग पुढे पडत असेल, तर तो सगळा भार प्रवासात तुमच्या मनगटांवर येणार आहे.

मऊ सीट म्हणजे चांगली सीट नव्हे

शोरूममध्ये मऊ सीट छान वाटते. पण मऊ फोम तासाभरात दबतो आणि खालचा कडक भाग टोचू लागतो. टूरसाठी थोडी घट्ट, पण मागे रुंद असलेली सीट चांगली. रुंद सीटवर वजन विभागलं जातं. सीट पुढे उतरती असेल तर ब्रेक मारताना अंग टाकीकडे सरकत राहतं, हेही बघा.

डबलसीट जाणार असाल तर मागे बसणाऱ्याला सोबत न्या आणि बसवून बघा. बऱ्याच स्पोर्टी गाड्यांची मागची सीट उंच आणि चिंचोळी असते. कॉलेजपर्यंत ती चालते, छिंदवाड्यापर्यंत नाही. धरायला ग्रॅब रेल आहे का आणि गुडघे फार दुमडत नाहीत ना, हे त्यांनाच विचारा.

हात बधिर का होतात?

इंजिनची थरथर हँडल, सीट आणि फूटपेगमधून शरीरात येते. एक सिलिंडर असलेल्या गाडीत ती साधारणपणे जास्त जाणवते, दोन सिलिंडरच्या गाडीत कमी. पण नुसत्या सिलिंडरच्या संख्येवर जाऊ नका. प्रत्येक गाडीला एक ठरावीक आरपीएम असतो, जिथे थरथर वाढते. तो नेमका ८० च्या वेगाशी जुळत असेल तर बोटांना मुंग्या येणार हे नक्की.

त्यामुळे टेस्ट राइडमध्ये शेवटच्या गिअरवर ७० ते ८० च्या वेगाने पाच-सात मिनिटं सलग चालवा. आरसे धूसर होतात का बघा. आरशात मागचा ट्रक स्पष्ट दिसत नसेल, तर थरथर आरामालाच नाही, सुरक्षिततेलाही बाधक आहे.

विदर्भातला उन्हाळा आणि इंजिनची धग

इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. लिक्विड कूल्ड गाडीच्या रेडिएटरचा पंखा सुरू झाला की गरम हवा कुठे जाते, हे महत्त्वाचं. काही गाड्यांमध्ये ती थेट पोटऱ्यांवर येते. शक्य असेल तर टेस्ट राइड दुपारी घ्या आणि शहरातल्या सिग्नलवरून गाडी न्या. सकाळी सातच्या गारव्यात कुठलीच गाडी तापत नाही.

काचेचंही तसंच. काच तुमच्या उंचीला जुळली नाही तर वारा नेमका हेल्मेटवर आदळतो आणि डोकं हलत राहतं. मोठी काच म्हणजे चांगली काच, असं नाही. हेल्मेटभोवतीचा वारा सलग वाटला पाहिजे.

वजन, उंची आणि टाकी

कागदावरचे हे आकडे ताडून बघा:

- जिक्सर एसएफ २५०: वजन १६१ किलो, टाकी १२ लिटर
- डॉमिनार ४००: वजन १९३ किलो, टाकी १३ लिटर
- हिमालयन ४५०: वजन १९६ किलो, टाकी १७ लिटर
- सुपर मीटिऑर ६५०: वजन २४१ किलो, टाकी १५.७ लिटर

जड गाडी महामार्गावर स्थिर वाटते. पण ढाब्याच्या मुरमावरून ती मागे ढकलायची वेळ आली की खरं वजन कळतं. किमान एक पाय पूर्ण टेकतो का आणि गाडी एकट्याने साइड स्टँडवरून उचलून मागे घेता येते का, हे शोरूममध्येच करून बघा.

टाकीचा हिशेबही करा. समजा, गाडी लिटरला २८ किलोमीटर देते आणि टाकी १३ लिटरची आहे. दोन लिटर राखीव ठेवले, तर साधारण ३०० किलोमीटरवर पेट्रोल पंप गाठावा लागेल. महामार्गावर हे पुरेसं आहे. तसंही दर दीड-दोन तासांनी थांबायलाच हवं. जंगलपट्ट्यातून जाणार असाल तर मात्र आधीच टाकी भरून घ्या.

खिशाचा विचार: ३५० सीसीची रेषा

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर १८ टक्के जीएसटी आहे, त्यावरच्या गाड्यांवर ४० टक्के. आधी हे दर अनुक्रमे २८ आणि ३१ टक्के होते. म्हणजे ३५० सीसीच्या अलीकडची गाडी करात स्वस्त झाली आणि पलीकडची महाग.

८० च्या वेगाने एकट्याने फिरायचं असेल, तर २०० ते ३५० सीसीची गाडी पुरते. जोडीने, सामानासकट आणि घाटात वारंवार जायचं असेल, तर मोठ्या इंजिनचा फायदा जाणवतो. टायर, चेन-स्प्रॉकेट, विमा आणि सर्व्हिसिंगचा खर्चही विचारात घ्या. मोठ्या ब्रँडच्या गाडीसाठी जवळचं सर्व्हिस सेंटर कुठे आहे, सुटे भाग किती दिवसांत मिळतात, हे पैसे भरण्याआधी विचारा.

खरी परीक्षा रस्त्यावर

शोरूमभोवतीची पाच मिनिटांची चक्कर पुरेशी नसते. डीलरला लांब टेस्ट राइड मागा. नाही मिळाली, तर तीच गाडी एक दिवस भाड्याने घ्या. त्यासाठी गाडी अधिकृत भाड्याची असावी, म्हणजे नंबर प्लेट काळी आणि अक्षरं पिवळी. दिवसाचं भाडं चुकीच्या गाडीपेक्षा कधीही स्वस्त पडतं.

कळमेश्वरकरांसाठी यासाठी हाताशी रस्ता आहे. गोंडखैरी ते सावनेर, कळमेश्वर आणि धापेवाड्यावरून, साधारण २९ किलोमीटर. जाऊन-येऊन साठेक किलोमीटर होतात. नेहमीचं हेल्मेट, बूट, जॅकेट घालूनच निघा. परतल्यावर मान, मनगटं, कंबर, बूड आणि गुडघे, यातलं काय दुखतंय ते लिहून ठेवा. साठ किलोमीटरला जे कुरकुरतं, ते तीनशेला ओरडतं.

आहे त्याच गाडीत काय सुधारता येईल?

प्रत्येक वेळी नवी गाडीच हवी असं नाही. पुढच्या गोष्टी कमी खर्चात होतात:

- ब्रेक आणि क्लचच्या लिव्हरचा कोन मनगटाला सरळ येईल असा लावून घ्या.
- डबलसीट किंवा सामान असेल तर मागच्या शॉकअपचं प्रीलोड वाढवा. किती, ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं.
- टायरमधली हवा निघण्यापूर्वी, टायर थंड असताना तपासा.
- पाठीवरची जड बॅग काढा आणि सामान गाडीवर बांधा. खांदे आणि बूड दोन्ही वाचतात.
- आयएसआय मार्कचं, डोक्याला घट्ट बसणारं हेल्मेट घ्या. मागे बसणाऱ्यालाही ते सक्तीचं आहे.

हँडल किंवा सायलेन्सर बदलण्याआधी मात्र थांबा. गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करण्यावर मोटार वाहन कायद्यात बंधनं आहेत, शिवाय वॉरंटी आणि विम्याच्या दाव्यातही अडचण येऊ शकते.

थोडक्यात काय?

सगळ्यांसाठी एकच चांगली बाईक, असं काही नसतं. पाच फूट चार इंचांच्या माणसाला जी गाडी जड जाते, तीच सहा फुटांच्या माणसाला अपुरी पडते. म्हणून मित्राची गाडी किंवा यूट्यूबवरचा रिव्ह्यू बघून बुकिंग करू नका. तीन प्रश्नांची उत्तरं स्वतः शोधा: या गाडीवर ८० च्या वेगाने तासभर हात न दुखता बसता येतं का? मागे बसणारा पुन्हा यायला तयार आहे का? आणि ती बंद पडली तर एकट्याला ढकलता येईल का?

तिन्हींचं उत्तर 'हो' असेल, तर रंग कोणता घ्यायचा एवढंच ठरवायचं राहतं.