ओंगणाच्या नळ्यापासून फटफटीच्या फिल्टरपर्यंत



दर वेळी आपण बी-बियाणे, खते आणि रोग-किडी यांबद्दल बोलतो. आज दाराशी उभ्या असलेल्या फटफटीबद्दल बोलू. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत आज ही गाडी नुसती हौसेची राहिलेली नाही. फवारणीचा पंप तिच्यावरून जातो, दुधाच्या कॅना तिच्यावरून येतात, आणि रात्री-अपरात्री आजारी माणूसही तिच्यावरूनच दवाखान्यात पोचतो. ती बंद पडली की घराचे काम अडते. ती लवकर का खराब होते, याचे कारण बहुतेक वेळा गाडीत नसते, आपल्या जुन्या सवयीत असते. म्हणून आधी थोडा इतिहास सांगतो.

गाडीचे ओंगण

आपल्या वाडवडिलांना वंगण म्हणजे काय हे कुणी शिकवावे लागले नाही. बैलगाडीला ओंगणाचा नळा टांगलेला असायचा. एरंडीचे किंवा करडीचे तेल, त्यात राख-काजळी कालवून आसाला लावायची. चाक कुरकुरले की गाडीवान खाली उतरलाच म्हणून समजा. करडीचे तेल तापवून घट्ट करून मोटेच्या चामड्याला आणि नाड्याला चोळत, म्हणजे पाण्याने ते कुजत नसे. वंगण डोळ्यांना दिसत होते आणि ते संपले की चाकच ओरडून सांगत होते. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचे काम आहे.

हेच एरंडेल पुढे इंजिनातही गेले. लंडनच्या चार्ल्स वेकफील्ड यांनी १८९९ साली तेलाचा धंदा सुरू केला आणि १९०९ मध्ये एरंडेल मिसळलेले इंजिन ऑईल बाजारात आणले. एरंडीला इंग्रजीत कॅस्टर म्हणतात, त्यावरून त्याचे नाव पडले कॅस्ट्रॉल. पहिल्या महायुद्धातली कितीतरी विमाने एरंडेलावर उडाली. त्या काळी आपण ज्या हैदराबाद संस्थानात होतो, तिथे, मुख्यतः तेलंगणाच्या बाजूला, एरंडीचे पीक मोठे होते. पुढे जमिनीतून निघणाऱ्या खनिज तेलाने एरंडेलाची जागा घेतली, कारण एरंडेल फार तापले की चिकट थर धरते.

मोटेच्या जागी इंजिन

हैदराबाद संस्थान १९४८ साली मुक्त झाले. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या विहिरींवर मोट सुटली आणि डिझेल इंजिन बसले. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी निघाली होती, साताऱ्याचे कूपर होतेच. या इंजिनांनी आपल्याला दोन नव्या गोष्टी शिकवल्या.

पहिली गोष्ट तेलाचा नंबर. अमेरिकेतल्या मोटार इंजिनियरांच्या संस्थेने, म्हणजे एसएईने, १९११ साली तेलाच्या जाडपणाला नंबर दिले. आपण दुकानात जाऊन ‘तीस नंबरचं द्या, चाळीस नंबरचं द्या’ म्हणत होतो, ते नंबर हेच. दुसरी गोष्ट हवेची गाळणी. इंजिनावर तेलाची एक वाटी असायची. आत जाणारी हवा त्या तेलावरून वळताना धूळ तेलात बसायची. आठ-पंधरा दिवसांनी वाटी काढून गाळ फेकायचा आणि नवे तेल भरायचे, हे काम घरातले पोरगेसुद्धा करत असे.

इथेच एक सवय पडली. कोपऱ्यात इंजिनाच्या तेलाचा डबा कायम असायचा, आणि ज्याला वंगण पाहिजे त्याला त्याच डब्यातले तेल जायचे.

राजदूत, येझदी आणि बुलेट

१९७२ चा दुष्काळ आपण विसरलो नाही. त्या वर्षी हजारो हातांनी खडी फोडली, माती टाकली आणि गावोगाव कच्चे रस्ते झाले. पुढे रोजगार हमीचा कायदा १९७९ पासून अमलात आला आणि हे काम चालू राहिले. रस्ते झाले, पण बहुतेक मुरमाचे. त्यांच्यावरून एसटीच्या आधी फटफटी धावली.

मद्रासला १९५५ पासून बुलेट जुळू लागली होती. म्हैसूरला आयडियल जावाचा कारखाना १९६० च्या सुमारास निघाला, त्याचीच पुढे येझदी झाली. पोलंडच्या एका गाडीच्या परवान्यावर एस्कॉर्ट्सने राजदूत काढली. दूधवाल्यांनी आणि शेतकऱ्यांनी राजदूत उचलून धरली, कारण ती ओझे ओढायची आणि कुठल्याही पाणंदीतून निघायची.

राजदूत आणि येझदी टू-स्ट्रोक. त्यांच्या इंजिनाचे ऑईल पेट्रोलातच मिसळायचे. पंपावरचा माणूस मापाने ऑईल टाकायचा, आणि ते पेट्रोलाबरोबर जळून धूर होऊन जायचे. म्हणजे टाकी भरली की वंगण आपोआप झाले. गिअरपेटीचे तेल तेवढे वेगळे. बुलेट फोर-स्ट्रोक, पण जुन्या बुलेटला इंजिनाचे, क्लचच्या पेटीचे आणि गिअरपेटीचे तेल तीन ठिकाणी वेगवेगळे. सांभाळायला कटकट होती, पण एकाचा दोष दुसऱ्याला लागत नसे.

१९८५ नंतरचा बदल

१९८५ साली हीरो होंडाची १०० सीसी फोर-स्ट्रोक गाडी आली आणि सगळे चित्र पालटले. धूर नाही आणि पेट्रोल निम्मे. जाहिरातीत सांगत, पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा. ते पेट्रोलापुरते खरे होते. लोक मात्र ऑईलही विसरले!

आमच्या घरचीच गोष्ट सांगतो. वडिलांनी वीस-बावीस वर्षांपूर्वी राजदूत विकून फोर-स्ट्रोक गाडी घेतली. पेट्रोल भरायचे आणि गाडी काढायची, एवढेच आम्हाला ठाऊक. इंजिनाच्या पोटात वेगळे ऑईल असते, ते कमी होते, काळे पडते, हे कुणी बघितलेच नाही. ऐन सोयाबीनच्या राशीच्या वेळी रस्त्यात इंजिन जाम झाले. आडतीवरून आलेले पैसे पिस्टन आणि सिलिंडरला गेले, आणि रब्बीचे खत उधारीवर आणावे लागले. वडील म्हणाले, “बैलगाडी निदान कुरकुरत तरी होती. हिनं तोंडच उघडलं नाही.” ओंगणाची गोष्ट ध्यानात ठेवा म्हणालो होतो, ती यासाठी.

या नव्या गाडीत जेमतेम लिटरभर तेल असते. तेवढ्याच तेलाने पिस्टन, गिअर आणि क्लच अशी तिन्ही कामे करायची असतात. क्लचच्या चकत्या त्या तेलातच बुडून चालतात. तेल फार निसरडे झाले तर चकत्या एकमेकींना धरत नाहीत. मग इंजिन ओरडते, पण गाडी चढ चढत नाही. १९९० नंतर मोटारीची तेले पेट्रोल वाचवण्यासाठी जास्त निसरडी होऊ लागली, तेव्हा जगभर ही तक्रार आली. म्हणून जपानमध्ये १९९८ साली मोटारसायकलच्या तेलाचे वेगळे मानक ठरले. डब्यावर ‘जासो एमए’ असे असते, ते हेच. एमए म्हणजे तेलात बुडालेल्या क्लचला चालणारे. एमबी मुख्यतः गिअर नसलेल्या स्कूटरचे. आता कळले ना, ट्रॅक्टरच्या किंवा मोटारीच्या डब्यातले तेल फटफटीला का घालू नये? ट्रॅक्टरचे तेल वाईट नसते, पण ते डिझेल इंजिनासाठी केलेले असते. त्यात या क्लचचा विचार केलेला नसतो.

धूळ हाच खरा वैरी

आपल्या पाणंदीची मुरमाची आणि काळ्या मातीची धूळ हवेबरोबर आत गेली की तेलात मिसळते. मग सहाणेवर चंदन उगाळावे तसा पिस्टन उगाळला जातो. म्हणून गाळण्या दोन, एक हवेची आणि एक तेलाची.

तेल गाळण्याचे फिल्टर मोटारीत १९२३ च्या सुमारास अमेरिकेत निघाले. आपल्या कितीतरी १०० सीसी गाड्यांत मात्र कागदी ऑईल फिल्टर नसतोच. तिथे तारेची जाळी असते आणि इंजिनाबरोबर गरगर फिरणारी एक वाटी असते. दुधातून मलई वेगळी करणारे यंत्र पाहिले असेल, तसाच तिचा कारभार. जड कचरा कडेला फेकला जातो आणि तिथेच चिकटून बसतो. मेकॅनिककडून ती उघडून पुसून घेतली नाही तर वर्षानुवर्षांचा गाळ तसाच राहतो. मोठ्या गाड्यांत आणि उंच, खडबडीत रस्त्याच्या गाड्यांत बहुधा कागदी फिल्टर असतो. तो बदलायचाच, धुवायचा नाही.

हवेच्या फिल्टरबाबत माझीही एकदा चूक झाली. मुखेड भागात नेमणूक असताना फिल्टर साफ केला, पण झाकण घाईत नीट बसवले नाही. उन्हाळाभर त्या फटीतून धूळ आत जात राहिली आणि पावसाळ्याच्या तोंडाला गाडी निळा धूर सोडू लागली. रिंगा गेल्या होत्या. नवा फिल्टर असूनही फट राहिली तर तो नसल्यासारखाच.

आता काय करावे

१. तेलाचा नंबर गाडीच्या पुस्तिकेत पाहून घ्यावा. कुणा गाडीला १०डब्ल्यू-३०, कुणाला २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० लागते. मागचा आकडा तेल १०० अंशांवर तापल्यावरचा असतो. म्हणून ‘आपला उन्हाळा कडक आहे, जाड तेल बरं’ हा हिशोब नव्या गाडीला लावू नये. तिच्या आतल्या फटी बारीक असतात.

२. डब्यावर चारचाकीचे नव्हे, फोर-स्ट्रोक मोटारसायकलचे नाव आणि जासो एमए किंवा एमए-२ पाहावे. सुटे तेल घेऊ नये. सील पाहून घ्यावे, पावती ठेवावी.

३. दर आठवड्याला गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर उभी करून काडीने तेल पाहावे. खालच्या खुणेच्या वर असलेच पाहिजे. वरच्या खुणेच्या पुढेही भरू नये.

४. पुस्तिकेतले किलोमीटरचे अंतर साधारण रस्त्यासाठी असते. रोज पाणंदीतून आणि ओझे घेऊन फिरणाऱ्या गाडीचे तेल त्याच्या निम्म्या अंतरावर बदलावे, असा माझा सल्ला आहे. तेल गाडी कोमट असताना काढावे, म्हणजे गाळही निघतो.

५. हवेचा फिल्टर स्पंजचा असेल तर न पेटणाऱ्या द्रावणात, नाहीतर साबणाच्या कोमट पाण्यात धुवावा. पेट्रोल वापरू नये. वाळवून तेलात बुडवावा आणि पिळून बसवावा. तेलकट कागदाचा असेल तर हवा मारू नये, बदलावा. सुगीच्या आणि उन्हाळ्याच्या दिवसांत जास्त वेळा पाहावा.

६. काढलेले काळे तेल विहिरीच्या किंवा ओढ्याच्या काठी ओतू नये. डब्यात साठवून गॅरेजवाल्याला द्यावे.

बंधू-भगिनींनो, लिटरभर तेलाला काही शे रुपये लागतात. इंजिन उघडले की खर्च हजारांत जातो, आणि तोही नेमका हंगामात. आपल्या आजोबांनी रात्री मुक्कामाला पोचल्यावर आधी चाक पाहिले, मग भाकरी सोडली. नवी गाडी कुरकुरत नाही, म्हणून तिच्याकडे आपणच बघायला हवे. या रविवारी बाजाराला निघण्याआधी एकदा काडी काढून तेल बघा. बघाल ना?

कळावे. शंका असल्यास आपल्या गावच्या सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांकडे जरूर विचारावी.